नऊ फुटांवरचा टीव्ही

टीव्ही घ्यायचा तर आधी टेप घेऊन घर मोजावं, दुकान नंतर, असं मामांचं मत. भाचीचं मत नेमकं उलटं: आधी चित्र बघावं, भिंतीचं काय ते मग जमवता येतं. दोघंही आपापल्या जागी जाणकार, म्हणून हा वाद ऐकण्याजोगा. मामांचं चिपळूणला टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. १९८२च्या दिल्ली एशियाडच्या निमित्ताने देशात रंगीत प्रक्षेपण आलं, तेव्हा ते शिकाऊ होते. त्या काळच्या पिक्चर ट्यूबपासून आजच्या भिंतीला चिकटणाऱ्या पडद्यांपर्यंत सगळ्यांच्या पाठी त्यांनी उघडून पाहिल्या आहेत. भाची गोरेगावात चित्रपटांचं संकलन करते. रंगांचं माप नेमकं लावून घेतलेला मॉनिटर दिवसभर तिच्यासमोर असतो.

डोंबिवलीच्या घरातला ३२ इंची टीव्ही ऐन पावसाळ्यात बंद पडला आणि नवा कोणता आणायचा यावर दोघांची जुंपली. टीव्ही बघणार होती भाचीची आई, म्हणजे मामांची ताई. तिचं मत अजून कोणी विचारलं नव्हतं.

"४३ इंची, फुल एचडी. विषय संपला," मामा म्हणाले.

"५५ इंची, फोरके, आणि जमलं तर ओएलईडी," भाची म्हणाली. "मामा, तू अजून केबलच्या जमान्यात आहेस."

"जमाना राहू दे. सोफ्यापासून भिंत किती?"

भिंत नऊ फुटांवर होती. मामांनी हिशेब मांडला. चष्मा न लागणारा, डॉक्टरी भाषेत सहा बाय सहा नजरेचा डोळा एका अंशात साधारण ६० ठिपके वेगवेगळे ओळखतो. डोळे तपासायला लावलेला अक्षरांचा तक्ता याच गृहीतावर बेतलेला आहे. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. फोरकेमध्ये ३८४० आणि २१६०, म्हणजे चौपट. नऊ फुटांवरून फुल एचडीचा ठिपका सुटा दिसू लागायला पडदा सुमारे ७० इंचांचा हवा. त्याच्या आत फोरकेचे जादा ठिपके पडद्यावर असतात, पण डोळ्याला कळत नाहीत.

"म्हणजे चौपट ठिपक्यांचे पैसे मोजायचे ते खोक्यावर छापलेला आकडा वाचायला," मामांनी निकाल दिला.

भाचीचं उत्तर तयार होतं. "६० हा आकडा जुना झाला. केंब्रिज विद्यापीठ आणि मेटा यांच्या संशोधकांनी माणसं बसवून मोजलं. ते २०२५मध्ये छापून आलं. काळ्यापांढऱ्या चित्रात सरासरी नजर एका अंशाला ९४ ठिपक्यांपर्यंत जाते. तो आकडा धरला तर तुझे ७० इंच ४५वर येतात. ५५ इंची पडद्यावर फोरके वाया जात नाही."

मामा थोडे थबकले. हिशेब त्यांनी मनात पुन्हा केला आणि तो बरोबर निघाला. "ठीक. पण त्याच संशोधकांनी ४४ इंची टीव्हीला अडीच मीटरवरून काय सांगितलंय?"

"फोरकेची गरज नाही, त्याच्या अलीकडची पायरी पुरते," भाचीने कबूल केलं.

"आणि तुझ्या आईच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय."

इथवर वाद ठिपक्यांचा होता, आणि दुकानातही बहुतेक गिऱ्हाईक तिथेच अडकून पडतं. खरं तर तो बाजाराने कधीच निकालात काढला आहे. ५० इंचांपासून पुढे आता जवळपास सगळे टीव्ही फोरकेच येतात. ४३ इंचांत दोन्ही मिळतात. ३२ इंचांत 'एचडी रेडी' म्हणून मिळतो त्याचा पडदा बहुधा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा, म्हणजे ७२० रेषांच्या चित्रालाही तंतोतंत न बसणारा. मोठा पडदा घेतला की फोरके आपसूक येतं. तेव्हा फोरके घ्यावं की नाही यावर घरात भांडण्यात अर्थ नाही. पैसे कुठे खर्च होतात आणि कुठे व्हायला हवेत, हा प्रश्न वेगळा आहे.

मामांनी मात्र दुसऱ्या बाजूने पकडलं. "पडदा घेशील ग, पण त्यात ओतणार काय? ताईच्या सेट टॉप बॉक्सला साधं पॅकेज आहे. साध्या वाहिनीचं चित्र ७२० बाय ५७६. म्हणजे चार लाख चौदा हजार ठिपके. फोरके पडद्यावर ब्याऐंशी लाख चौऱ्याण्णव हजार. भागून बघ."

भाचीने मोबाइलवर भागलं. उत्तर बरोबर २० आलं.

"म्हणजे वीस ठिपक्यांतला एक प्रक्षेपणातून येतो आणि एकोणीस टीव्ही मनाने भरतो. ३२ इंचांत जे खपून जात होतं ते ५५ इंचांत फाटतं. लोक माझ्याकडे येतात, म्हणतात नवा टीव्ही बिघडलाय, चेहरे तेलकट दिसतात. टीव्ही बिघडलेला नसतो, वाहिनी साधी असते."

हे मामांचं सगळ्यात भक्कम म्हणणं, आणि त्यावर उपायही सोपा आहे. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी या वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या आहेत. त्यांचे महिन्याचे पैसे वेगळे पडतात. त्या घेतल्या की नव्या टीव्हीचा निम्मा फायदा तिथेच दिसतो. त्याही फुल एचडीच असतात, फोरके नव्हे. फोरके येतं ते बहुतेक इंटरनेटवरून: २०२३ची आयपीएल जिओसिनेमाने फोरकेमध्ये दाखवली होती. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१मध्ये भारतातले दर उतरवले तेव्हा ४९९ रुपयांच्या योजनेत फुल एचडी मिळालं, फोरके ६४९च्या वरच्या योजनेतच राहिलं. शिवाय नेटफ्लिक्स फोरकेसाठी सेकंदाला १५ मेगाबिटचा वेग सुचवतं. तो राउटरपाशी मिळून चालत नाही, टीव्हीपाशी पोचावा लागतो. मधल्या खोलीतला राउटर आणि दोन भिंती हे डोंबिवलीतलं नेहमीचं गणित.

"ठिपके सोड," भाची म्हणाली, आणि तिच्या मनातला खरा मुद्दा बाहेर आला. "मला काळा रंग काळा हवाय. 'तुंबाड' बघ. ऐन पावसाळ्यातल्या ढगाळ उजेडात चित्रित केलेला सिनेमा, आत वाड्यात दिव्याचा प्रकाश. तुझ्या ४३ इंची स्वस्त टीव्हीवर तो सगळा करड्या धुक्यात जातो. पंकज कुमारने कॅमेऱ्यामागे राहून काय काम केलंय ते दिसतच नाही."

यात तिची बाजू नि:संशय वरचढ आहे. एलसीडी पडदा स्वतः उजेड देत नाही. त्याच्या मागे पांढऱ्या एलईडींच्या पट्ट्या असतात आणि पुढचे स्फटिक तो उजेड अडवतात किंवा सोडतात. 'एलईडी टीव्ही' म्हणून विकला जातो तो हाच. (त्या पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळी एलईडी असते, आणि ती करून दाखवणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. टीव्ही विकणारा सेल्समन हे कधी सांगत नाही, एवढीच तक्रार.) स्फटिकांनी उजेड पुरता अडवला नाही की काळा करडा होतो. क्यूएलईडीमध्येही मागचा उजेड असतोच. फक्त त्यात क्वांटम डॉट नावाचे अतिसूक्ष्म कण रंग शुद्ध करतात. त्या कणांवरच्या संशोधनालाही २०२३मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ओएलईडीची गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून तिथला काळा खरोखरचा काळा.

"मान्य," मामा म्हणाले. "पण ताई दिवसभर काय लावते?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. सकाळी सातपासून मराठी बातम्या. कोपऱ्यात वाहिनीचं बोधचिन्ह, खाली लाल पट्टी, तिच्याखाली आणखी एक पट्टी, आणि हे सगळं रोज पाच-सहा तास एकाच जागी.

"ओएलईडीतले ठिपके सेंद्रिय पदार्थाचे," मामा पुढे म्हणाले. "जो जास्त जळतो तो लवकर मंदावतो. दोन-तीन वर्षांनी सिनेमा लावशील तेव्हा तुझ्या काळ्या रंगावर त्या पट्टीची सावली दिसेल. आणि त्याला वॉरंटी आहे का ते कार्डावर बारीक अक्षरात वाचून बघ."

भाची गप्प झाली. ओएलईडी तिने तिथेच सोडला. अंधाऱ्या खोलीत सिनेमे बघणाऱ्या माणसासाठी आजही त्याला तोड नाही. गॅलरीचं दार सताड उघडं असलेल्या, दिवसा बातम्या चालणाऱ्या हॉलसाठी तो नाही.

मग एलसीडीत चांगला कोणता, यावर दोघं वळले. भाची म्हणाली, व्हीए पडदा घ्यावा. आयपीएस या दुसऱ्या प्रकारापेक्षा त्याचा काळा तीन-चार पट गडद. मामांनाही ते पटलं. एकमत होत आलं होतं, तेवढ्यात आई आतून म्हणाली, "मला पोळ्या लाटताना दिसलं पाहिजे. एवढंच बघा."

ओट्यापासून टीव्ही तिरका दिसतो, साधारण ४५ अंशांत. व्हीए पडद्याचा गडद काळा समोर बसलेल्यालाच मिळतो. बाजूला सरकलं की रंग उडतात आणि चेहरे फिके पडतात. आयपीएस पडदा अंधारात जरा करडा, पण बाजूने बघितला तरी रंग टिकवून धरतो. परदेशी मासिकांतले निवाडे बहुतेक सोफ्यावर समोर बसलेला एक माणूस धरून दिलेले असतात. मराठी घरातला टीव्ही सोफ्यावरून, खाली सतरंजीवरून, दिवाणावरून आणि स्वयंपाकघराच्या दारातून एकाच वेळी बघितला जातो. आईच्या एका वाक्याने दोन जाणकारांचा तासाभराचा हिशेब फिरला, आणि तो बरोबरच फिरला.

पंचाईत अशी, की खोक्यावर व्हीए की आयपीएस हे सहसा लिहिलेलं नसतं, आणि एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आकारांत, कधी वेगवेगळ्या खेपांतही पडदा बदलतो. मामांची युक्ती साधी: दुकानात टीव्हीसमोर उभं राहू नये, भिंतीच्या कडेला जाऊन बघावं. त्वचेचा रंग पांढुरका पडला की पुढच्या टीव्हीकडे जावं.

"दुकानात सगळेच टीव्ही झगझगीत दिसतात," भाची म्हणाली, "कारण सगळे 'व्हिविड'वर लावलेले असतात आणि त्यावर फुलं, पोपट आणि कापलेली फळं फिरत असतात. पेन ड्राइव्हवर आपली क्लिप न्यायची. माणसांचे चेहरे, रात्रीचा एखादा प्रसंग. नाहीतर सरळ सांगायचं, मराठी वाहिनी लावा."

एचडीआरच्या बाबतीतही तिने मामांना आधार दिला, ते त्यांना अपेक्षित नव्हतं. एचडीआर म्हणजे उजळ भाग अधिक उजळ, गडद भागातही तपशील, आणि रंगाच्या प्रत्येक घटकाला २५६ऐवजी १०२४ पायऱ्या. फोरकेपेक्षा डोळ्याला जास्त जाणवणारा बदल हाच. पण स्वस्त टीव्हीवर 'एचडीआर' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ इतकाच, की तो तसा सिग्नल घेतो. दाखवायला लागणारा उजेड त्याच्याकडे नसतो, आणि पडद्याचा एखादाच भाग मंद करण्याची सोय, लोकल डिमिंग, तीही नसते. "त्या शिक्क्यासाठी पाच हजार जादा देऊ नकोस," ती मामांना म्हणाली. मामा कधीच देणार नव्हते.

अंधाऱ्या चित्रांवर मात्र दोघांचं जमत नाही. एप्रिल २०१९मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेचा 'द लाँग नाइट' हा भाग दाखवला गेला तेव्हा जगभरातून ओरड झाली की काहीच दिसत नाही. छायालेखक फेबियन वॅग्नर यांनी उलट बोट दाखवलं ते लोकांच्या टीव्हीच्या सेटिंगकडे. भाची वॅग्नर यांच्या बाजूची. मामांच्या मते, जे चित्र साध्या घरातल्या टीव्हीवर दिसत नाही ते काढणाऱ्याने एकदा साध्या घरात बसून बघावं. या वादात मामांचं पारडं जड वाटतं, जरी वॅग्नर यांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या चूक नसलं तरी.

एका सेटिंगवर मात्र भाची अजिबात नमली नाही. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. पुष्कळ टीव्ही त्या चौकटींच्या मधे स्वतः बनवलेल्या चौकटी घुसवतात, त्यामुळे हालचाल गुळगुळीत होते आणि लाखो रुपये खर्चून केलेला सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो. डिसेंबर २०१८मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी चित्रफीत काढून लोकांना ही सोय बंद करायची विनंती केली. पुढच्या वर्षी 'फिल्ममेकर मोड' जाहीर झाला, ज्यात ती आपोआप बंद होते.

"चैतन्य ताम्हाणेच्या 'द डिसायपल'मध्ये नायक रात्री मोटरसायकलवरून जातो, संथ गतीत, कानात गुरूंच्या गुरूंचा आवाज चाललेला," भाची म्हणाली. "ते दृश्य या सोयीखाली बघितलंस तर काहीतरी बिघडलंय असं वाटेल आणि काय ते कळणार नाही."

"आणि बुमराहचा चेंडू?"

"क्रिकेटला ठेव चालू. मी कुठे नाही म्हणते."

तसंच जुन्या चित्रांचं. 'संत तुकाराम' (१९३६) किंवा जुन्या दूरदर्शन मालिका आजच्या पडद्याच्या मापाच्या नाहीत, त्या चौकोनी आहेत. दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या येतात. त्या खपत नाहीत म्हणून घरोघरी चित्र ताणलं जातं आणि तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस आडवे होतात. पट्ट्या राहू द्याव्यात, यावर मामा-भाचीचं एकमत आहे.

दुरुस्तीचा विषय निघाला तेव्हा बोलायची पाळी फक्त मामांची होती. त्यांच्याकडे येणाऱ्या बंद टीव्हींत आवाज येतो पण चित्र काळं, अशी तक्रार फार. टॉर्च मारून बघितलं तर पडद्यावर चित्र पुसट हलत असतं. मागच्या एलईडी पट्ट्या गेलेल्या असतात. कारण बॅकलाइट पहिल्या दिवसापासून १००वर. तो ५०-६०वर आणला तर पट्ट्या कमी तापतात, जास्त टिकतात आणि विजेचं बिलही उतरतं. पट्ट्या बदलता येतात, बोर्ड दुरुस्त होतो, पडदा फुटला तर मात्र नव्या पडद्याची किंमत नव्या टीव्हीच्या जवळ जाते. कोकणात आणखी दोन शत्रू: उबेला आत शिरून बोर्डावर शॉर्ट होणारी पाल, आणि डिशच्या केबलमधून येणारी वीज. आजचे बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, तेव्हा स्टॅबिलायझरवर पैसे घालवण्यापेक्षा चांगलं अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर घ्यावा. गडगडाट सुरू झाला की प्लग काढावाच, सोबत डिशची वायरही काढावी.

"आणि दुबईहून मागवायचा विचारही करू नकोस," ते म्हणाले. रत्नागिरीकडे आखातातून पडदे आणण्याची एके काळी धूम होती. २६ ऑगस्ट २०१३पासून सरकारने प्रवाशांच्या सामानातल्या फ्लॅट टीव्हीची करमुक्त सवलत काढून ३५ टक्के सीमाशुल्क लावलं आणि त्यातला फायदा संपला. इथे आता उलट झालं आहे: ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवरचा जीएसटी जानेवारी २०१९पासून १८ टक्के होता, त्याहून मोठ्यांवर २८ टक्के; २२ सप्टेंबर २०२५पासून मोठेही १८वर आले. मूळ १०० रुपयांच्या वस्तूला १२८ पडत होते तिथे ११८ पडतात.

स्मार्टपणाबद्दल दोघंही थंड होते. टीव्हीचा पडदा दहा वर्षं चालतो, त्यातला स्मार्टपणा चार-पाच वर्षांत रांगायला लागतो. तेव्हा मागे एखादी स्ट्रीमिंग स्टिक लावली की काम भागतं. शिवाय आपण काय बघतो याची नोंद ठेवणारी सोय बऱ्याच टीव्हींत असते. अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीला याच कारणावरून २०१७मध्ये २२ लाख डॉलर भरावे लागले. पहिल्यांदा टीव्ही सुरू करताना जे होकार मागितले जातात ते वाचून नकार देता येतो.

शेवटी घरात आला तो ५० इंची, फोरके, बाजूने बघितला तरी रंग टिकवणारा पडदा. भाचीच्या हिशेबाने लहान, मामांच्या हिशेबाने मोठा. ओएलईडीच्या किमतीतून वाचलेल्या पैशांत साउंडबार आला, कारण पातळ टीव्हीचे पातळ स्पीकर मिक्सर चालू असताना ऐकू येत नाहीत, आणि सेट टॉप बॉक्सवर मराठी एचडी वाहिन्या आल्या. शोकेसच्या वर, देवांच्या फोटोंच्या रांगेत लावायचा बेत मामांनी मोडला. बसलेल्या माणसाची नजर पडद्याच्या मध्यावर पडावी इतका खाली ब्रॅकेट ठोकला. गॅलरीच्या दाराला जाड पडदा लागला. हजार रुपयांच्या त्या कापडाने दिवसाच्या चित्रात जो फरक पडला, तो किमतीच्या वरच्या पायरीवरच्या टीव्हीनेही पडला नसता.

तुमच्याकडे टीव्ही येईल त्या दिवसासाठी मामांचं एक सांगणं आहे: खोका उघडणाऱ्याला घाईने जाऊ देऊ नका. टीव्ही लावून त्यावर पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र बघा, चारही कोपरे तपासा, अनुक्रमांक बिलावरच्या अनुक्रमांकाशी ताडून घ्या आणि मगच पोचपावतीवर सही करा. पडद्याला गेलेला तडा वॉरंटीत बसत नाही.